स्पेनमध्ये जुन्या रेल्वेमार्गांवरून सायकलप्रवास: गाड्या नसलेली कुठली वाट निवडावी?

जास्वंदी

नमस्कार मंडळी. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही चौघं स्पेनला जायचं म्हणतोय. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई, वय ६८. सासूबाई नाशिकला रोज पहाटे सायकल चालवतात, त्यामुळे दमाची काळजी नाही. काळजी आहे ती गाड्यांची. मागून ट्रकचा आवाज आला की त्या खाली उतरून उभ्या राहतात, आणि लेकीला हमरस्त्यावर सोडायची माझी तयारी नाही.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तिथे सायकलवाटा केल्या आहेत आणि त्यांना 'विया वेर्दे' म्हणतात, इथवर वाचून झालंय. पण नकाशावर इतक्या हिरव्या रेघा दिसतात की डोकं गरगरतं. आमच्या अपेक्षा अशा: भूमध्य समुद्राच्या बाजूचा भाग, हाताशी आठ-नऊ दिवस, दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर, रात्री गावात पलंगावर झोप. तंबू नको. माझं मत, एकच लांब वाट धरावी आणि शेवटपर्यंत जावं. नवऱ्याचं मत, दोन-तीन छोट्या वाटा कराव्यात. तुम्ही काय सुचवाल?

घाटवाट

जास्वंदीताई, बार्सिलोनात राहतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण वाट निवडायला तिचा उपयोग होईल. स्पेनमध्ये खाणींचे, कापसाचे, बुचाचे, तेलाचे असे कित्येक छोटे लोहमार्ग होते. ट्रक आले तसे ते एकेक करून बंद पडले. १ जानेवारी १९८५ला तर एका फटक्यात कितीतरी मार्ग बंद झाले. रूळ उचलले गेले, मागे उरला तो भराव, बोगदे, पूल आणि ओसाड स्टेशनं. १९९३पासून तिथल्या रेल्वे फाउंडेशनने या मार्गांना सायकलवाटा करायचा कार्यक्रम हाती घेतला. आज सगळ्या मिळून ३,००० किलोमीटरच्या वर वाटा आहेत.

यातली मुख्य गोष्ट चढाची. वाफेच्या इंजिनाला उभा चढ चढता येत नसे, म्हणून रेल्वेचा चढ सहसा शेकडा दोन-तीनच्या पुढे जात नाही. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. ही सगळी मेहनत शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी करून ठेवली आहे आणि तिचा फायदा आज तुमच्या सासूबाईंना मिळणार आहे.

माझी शिफारस बार्सिलोनाच्या उत्तरेकडच्या जिरोना प्रांताची. ओलोट ते जिरोना ही ५७ किलोमीटरची वाट, तिथून पुढे जिरोना ते सांत फेलिउ दे गिशोल्स ही ३९ किलोमीटरची. दोन्ही अरुंद रुळांच्या गाड्या, दोन्ही १९६९ साली बंद झाल्या. ओलोट समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटरवर, जिरोना ७० मीटरवर आणि सांत फेलिउ थेट समुद्रावर. म्हणजे ओलोटहून निघायचं आणि समुद्राला जायचं. ओलोट सोडल्यावर बास खोऱ्याच्या खिंडीपर्यंत थोडा चढ लागतो, तेवढा सोडला तर जिरोनापर्यंत सगळा उतार आहे. ओलोटच्या आसपास शांत झालेले ज्वालामुखी आहेत, त्यातल्या काहींच्या मुखापर्यंत चालत जाता येतं. एका जुन्या लाव्हाप्रवाहावर बीच वृक्षांचं दाट जंगल आहे, फाजेदा द'एन जोर्दा. लेकीला तिथे अर्धा दिवस नक्की द्या.

मधे आमेर नावाचं गाव आहे, मोठा कमानींचा चौक असलेलं. मुक्कामाला उत्तम.

खडीसाखर

वाचनखूण साठवली. घाटवाट, सासूबाईंना चढ सांगू नका हो. सगळा उतार आहे एवढंच सांगा. चढाचं सांगायचं ते विमानात बसल्यावर.

सह्यभटक्या

थोडं वेगळं मत मांडतो. मी टूरिंग करणारा माणूस आहे आणि मला या रेल्वेवाटा फार वेळ झेपत नाहीत. कारण रेल्वे दोन्ही बाजूंनी डोंगर कापून जाते. कित्येक किलोमीटर तुम्ही खणलेल्या खाचेतून जाता, दोन्हीकडे मातीच्या भिंती. गाव वरच्या टेकडीवर आणि स्टेशन खाली. खिंड चढून माथ्यावर पोचल्याचा आनंद तिथे मिळत नाही.

शिवाय स्पेनमधले दुय्यम रस्ते खरोखर शांत आहेत. सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे, आणि खेड्यापाड्यांत तो पाळलेला मी पाहिलाय. गाडी आली तर तुमच्या मागे थांबून राहते. रस्ता टाळायच्या नादात आतला प्रदेश बघायचा राहू नये, एवढंच म्हणणं.

जास्वंदी

@सह्यभटक्या, तुमचं म्हणणं पटतं, पण ते एकट्या अनुभवी माणसासाठी. लेक उतारावर गाणी म्हणत हात सोडते. दीड मीटर सोडणारा ड्रायव्हर चांगला असेलही, पण तिच्या आईचं लक्ष सगळा वेळ आरशातच राहणार. आम्हाला एकमेकांशी बोलत चालवायचंय. गाड्या नकोत याचं खरं कारण तेच आहे.

घाटवाट

@सह्यभटक्या, खाचेचा मुद्दा बरोबर आहे, पण सगळीकडे लागू नाही. जिरोनाच्या वाटेवर तर खोरं उघडं आहे, गावं अगदी वाटेवर आहेत. पूर्ण बंदिस्त वाटलं ते काही खाणींच्या मार्गांवर.

रानपाखरू

पक्षीवाल्यांकडून एक मत. दक्षिणेकडच्या अंदालुसियातली ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो ही वाट बघाच. लांबी जेमतेम ३६ किलोमीटर, तिच्यात ३० बोगदे आणि ४ मोठे पूल. १९२०च्या दशकात हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेराच्या काळात हा मार्ग बांधायला घेतला, पैसा संपला, पुढे यादवी युद्ध झालं, आणि यावरून गाडी कधी धावलीच नाही. बोगदे खणले, स्टेशनं बांधली, गाडी नाही. आज त्या बोगद्यांतून सायकली जातात.

मधोमध साफ्रामागोनचा कडा आहे. तिथे ग्रिफन गिधाडांची अंदालुसियातली मोठी वसाहत आहे. सकाळी ऊन तापलं की हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहावर ती एकामागून एक उठतात, आणि वाटेवरून मान वर केली तरी दिसतात. दुर्बीण हवीच.

अवांतर: आपल्याकडे गिधाडं कशाने गेली हे इथे सगळ्यांना माहीत आहे: डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली जनावरं खाऊन. भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. स्पेनने मात्र २०१३ साली त्याच औषधाला परवानगी दिली आणि तिथले पक्षीअभ्यासक तेव्हापासून तिच्याविरुद्ध झगडत आहेत. साफ्रामागोनला ते थवे बघताना हे मनातून जात नाही. आपण काय गमावलं ते माहीत असलेल्या देशातून आलेल्या माणसाला तर नाहीच.

कोकणकडा

@रानपाखरू, बोगदे अंधारे आहेत का? माझ्या बायकोला बंद जागेची भीती वाटते.

रानपाखरू

@कोकणकडा, मोठ्या बोगद्यांत दिवे आहेत, पण ते चालू असतीलच असं धरून जाऊ नका. पुढे-मागे चांगला दिवा लावा आणि गॉगल आधी काढा. उन्हातून आत शिरताना पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात समोरून चालणारे लोक येऊ शकतात. वहिनींसाठी ही वाट नको, तीस बोगदे म्हणजे भरपूर झाले. जिरोनाची बरी.

माळरान

जास्वंदीताईंना एकच लांब वाट हवी असेल तर 'विया वेर्दे देल आसेइते', म्हणजे तेलाच्या गाडीचा मार्ग. हाएन ते पुएंते हेनिल, १२८ किलोमीटर. ऑलिव्हचं तेल वाहून नेणारी ही गाडी १९८५ साली बंद झाली. हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत, आणि सायकलवर बसल्यावर त्या आकड्याचा अर्थ कळतो. क्षितिजापर्यंत रांगा, मग टेकडी, टेकडीपलीकडे पुन्हा रांगा. काहींना हे कंटाळवाणं वाटतं. मला त्या रांगांमधून जाताना फार शांत वाटलं, कारण प्रत्येक झाडाखाली केलेली मशागत दिसत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे लोखंडी पूल या वाटेचं वैभव. ग्वादाहोस नदीवरचा पूल हाएन आणि कोर्दोबा प्रांतांच्या सीमेवर आहे, तो चुकवू नका. लुकेच्या जुन्या स्टेशनात तेल विकत मिळतं आणि जेवायलाही. दोन्या मेन्सियाच्या स्टेशनात सायकली भाड्याने मिळतात.

सुएरोस हे पांढरं गाव कड्याच्या टोकावर वसलंय, वरती किल्ला, जवळ नवाश्मयुगीन माणसाच्या खुणा असलेली वटवाघळांची गुहा. पण वाटेपासून गावापर्यंतचा रस्ता उभा आहे. मुक्काम तिथे ठेवलात तर सासूबाईंसाठी बॅटरीची सायकल घ्या. रेल्वे सपाट आहे याचा अर्थ मुक्कामही सपाट असतो असं नाही.

उन्हाळ्यात मात्र या भागाकडे फिरकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सावली असते फक्त पुलाखाली. एप्रिल एकदम योग्य, ऑक्टोबरही.

बखरकार

आपल्या धाग्यावर इतिहासाची एवढी मेजवानी असताना वाल दे साफान कसं सुटलं? अरागोनमधून निघून एब्रो नदीच्या खोऱ्यात तोर्तोसाला उतरणारा मार्ग. मूळ बेत समुद्रापर्यंत जायचा होता, तो कधी पुरा झाला नाही. काम सुरू झालं एकोणिसाव्या शतकात, तोर्तोसा गाठेपर्यंत १९४०चं दशक उजाडलं. १९७३ साली एक बोगदा ढासळला, दुरुस्त करायचं कुणी मनावर घेतलं नाही, आणि तेच निमित्त होऊन मार्ग बंद झाला.

१९३८ साली जुलै ते नोव्हेंबर यादवी युद्धातली एब्रोची लढाई याच डोंगरांत झाली. वाटेपासून जवळ कोर्बेरा द'एब्रे हे जुनं गाव बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं, ते तसंच राखून ठेवलंय. छप्पर नसलेलं चर्च आणि त्याखाली उतरत गेलेल्या पडक्या भिंती. बारा वर्षांच्या मुलीला हे दाखवावं का, हा प्रश्न आईवडिलांनी ठरवायचा. मी दाखवेन.

तेर्रा आल्ता भागातला तुकडा २३ किलोमीटर, पुढचा एब्रोकाठचा २६. पहिल्यात बोगद्यांमागून बोगदे, मधे फोंतकाल्दाचं देऊळ. म्हणजे चर्चच, पण डोंगराच्या घळीत नदी, कोमट पाण्याचे झरे आणि यात्रेला येणारे लोक बघितले की आपल्याकडचं एखादं कुंड आठवतं. नदीत डुंबता येतं. दुसऱ्या तुकड्यात नदी रुंद होते, संत्र्यांच्या बागा सुरू होतात, एप्रिलमध्ये फुलांचा वास असतो. तोर्तोसात जुन्या रेल्वेच्या लाल पुलावरूनच एब्रो ओलांडता येते.

अरागोनच्या बाजूला वाल्देआल्गोर्फाजवळ दोन किलोमीटरहून लांब, अगदी सरळ बोगदा आहे. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास उगवतीचं ऊन त्याच्या आरपार जातं, लोक खास बघायला येतात.

पोफळी

स्पेनच हवं का? मी मिलानला असते. इटलीत सान लोरेन्सो अल मारे ते ओस्पेदालेत्ती ही २४ किलोमीटरची वाट समुद्राला लागून आहे. रेल्वे २००१ साली डोंगराच्या आत हलवली, आणि किनाऱ्यावरची जुनी जागा सायकलींना मिळाली. डांबरी, गुळगुळीत, सान रेमोमधून जाते. एका लांब बोगद्यात मिलान–सान रेमो शर्यतीचा इतिहास रंगवलाय, सायकलवेड्या मंडळींना तिथून बाहेर काढावं लागतं. पण रविवारी गर्दी फार, स्केटिंगवाले, बाबागाड्या, कुत्री. आणि २४ किलोमीटर म्हणजे तुमचा एकच दिवस.

तांबडी_माती

पोफळीताईंच्या पुढे जाऊन म्हणतो, पारेन्साना! त्रिएस्ते ते पोरेच, १२३ किलोमीटर, एका वाटेवर तीन देश: इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया. अरुंद गाडी १९०२ ते १९३५ धावली. मोतोवुनचं डोंगरावरचं गाव आणि खालच्या जंगलातली ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबी. क्रोएशियातला भाग खडीचा आहे, जाड टायर लागतात. लेकीला मजा येईल, सासूबाईंच्या मनगटांचं सांगता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं वाचून एकच मनात आलं. आमची शकुंतला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अरुंद रूळ, कापसासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली. ती बंद आहे. जामनेरची पाचोऱ्याची गाडी बंद आहे. आपल्याकडे एक तरी विया वेर्दे का होऊ नये? भराव तयार आहे, पूल तयार आहेत, दोन्ही बाजूला बाभळी आहेत. अचलपूरहून मेळघाट किती जवळ! गावातल्या पोरींना शाळेत जायला गाड्या नसलेला रस्ता मिळेल, ते तर पर्यटनाहून मोठं काम.

सातपुडा_एक्सप्रेस

@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, मी मूर्तिजापूरचा. भावना कळते, पण आमच्याकडे लोकांना सायकलवाट नको, गाडी हवी आहे. रुंद रुळांची मागणी घेऊन लोक वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. तिथे सायकलवाट केली तर त्याचा अर्थ सरळ आहे, गाडी आता कायमची गेली. ज्या म्हाताऱ्यांनी स्वस्त तिकिटात बाजार केला त्यांना तुम्ही सायकल देणार का?

घाटवाट

हा वाद स्पेनमध्येही आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जमीन बहुतेक ठिकाणी रेल्वेच्याच मालकीची राहते, गावांना ती वापरायला दिलेली असते. म्हणजे भराव सलग राहतो, कुणी त्यावर घर बांधत नाही की शेत वाढवत नाही. उद्या गाडी आणायची ठरली तर जागा शाबूत. दुसरी बाजू अशी, की एकदा लोकांची रोजची फिरायची वाट झाली की तिथे परत रूळ घालायला तेच लोक विरोध करतील. सातपुडा_एक्सप्रेस म्हणतात ते खरं आहे, ज्या मार्गाची गाडी अजून लोकांना हवी आहे तिथे सायकलवाट हे उत्तर नाही. पण जिथे अतिक्रमणात भराव नाहीसा होतोय, तिथे निदान जागा वाचवायला तरी ही वाट उपयोगी आहे.

गाडी आणि वाट दोन्ही नांदू शकतात, याचं उत्तम उदाहरण ओहोस नेग्रोस. तेरुएलच्या खाणींतून सागुंतोच्या बंदरात लोहखनिज न्यायचं होतं. शेजारून एक रेल्वे जात होतीच, पण भाड्यावरून जमलं नाही, म्हणून खाण कंपनीने तिच्या बरोबरीने स्वतःचा मार्ग बांधला. तो १९०७ साली सुरू झाला, १९७२ साली बंद. आज खाणीच्या मार्गावर १६० किलोमीटरची सायकलवाट आहे, देशातली सर्वांत लांब, आणि शेजारच्या मार्गावर प्रवासी गाडी अजून धावते. दोन्ही शेजारी शेजारी. जास्वंदीताई, एप्रिलमध्ये तेरुएलला कडाक्याची थंडी पडू शकते, खिंड १,२०० मीटरच्या वर आहे. म्हणून तुम्हाला ती आधी सुचवली नाही.

सातपुडा_एक्सप्रेस

गाडी आणि वाट शेजारी शेजारी असेल तर माझी काहीच हरकत नाही. तसं होणार असेल तर पहिली सायकल मी आणतो.

लिंबूटिंबू_सायकलवाला

व्यवहाराचं कुणीच बोलत नाहीये, म्हणून माझे मुद्दे.

सराटे! हो, आपले सराटेच, तीच वनस्पती, भूमध्य प्रदेशातही उगवते. दक्षिणेकडे आणि मुर्सिया-आलिकान्तेच्या कोरड्या भागात टायरची चाळण करते. ट्यूबमध्ये सीलंट घाला आणि दोन ट्यूब जादा ठेवा. वाटेवर दुकान नसतं.

रेल्वे: लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. प्रादेशिक गाड्यांत तशीच चढवता येते, पण जागा मोजक्या असतात. चार सायकली एकाच गाडीत मिळतीलच असं नाही. म्हणून सायकली तिथेच भाड्याने घ्या. बॅटरीवाली तर विमानातून नेता येतच नाही.

जेवण: शाकाहारी असाल तर जपून. साल्मोरेहो हे टोमॅटोचं गार सूप मागवलं तर वरून हॅमचे तुकडे टाकतात, आधीच सांगा. अंदालुसियात पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, ती आपल्या घरच्यासारखी लागते. कातालोनियात टोमॅटो चोळलेला पाव कुठेही. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं साडेआठच्या आत कुणी देत नाही. दुपारी आणि रविवारी दुकानं बंद. पाणी आणि खाऊ सकाळीच भरून घ्या.

कोकणकडा

+१. सासूबाईंसाठी चिवडा बरोबर ठेवाच. साडेआठपर्यंत कोण थांबणार!

सह्यभटक्या

हेल्मेटचं राहिलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर सर्वांना सक्तीचं आहे आणि सोळा वर्षांखालच्यांना सगळीकडे. आणि जास्वंदीताई, तुमचं बोलत चालवण्याचं कारण वाचून माझं मत थोडं बदललं. मी नेहमी एकटाच जातो. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला रुंद, मोकळी वाट लागते हे माझ्या हिशेबात नव्हतं.

जास्वंदी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी नकाशा पसरून बसलो. बेत असा ठरतोय: आधी ओलोटला दोन रात्री, ज्वालामुखी आणि ते जंगल. मग आमेरचा मुक्काम घेऊन जिरोना, तिथे एक दिवस विश्रांती. पुढे सांत फेलिउपर्यंत, समुद्रात पाय. मग आगगाडीने तोर्तोसा आणि वाल दे साफानचे दोन तुकडे दोन दिवसांत. म्हणजे नवऱ्याचंच खरं झालं, दोन वाटा. कोर्बेरा द'एब्रेला जायचं हे लेकीने स्वतः ठरवलं, शाळेत त्याच युद्धात बाँबहल्ला झालेल्या गेर्निका गावाबद्दल शिकवलंय म्हणे. तेलाची वाट सासूबाईंनी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली आहे.

एकच अडचण. वाल दे साफानला वरच्या टोकाला कसं पोचायचं? तोर्तोसाहून वर चढत जावं लागेल का?

घाटवाट

नाही, चढत जाऊ नका. वरच्या टोकाला रेल्वे नाही, पण तोर्तोसा भागात सायकल भाड्याने देणारे व्हॅनमध्ये सायकली आणि माणसं टाकून वर सोडतात. आर्नेस-ल्येदोच्या जुन्या स्टेशनाशी सोडा म्हणून सांगा, म्हणजे दोन्ही तुकडे उताराचे मिळतील. जिरोनातही तसंच, तिथले सायकल भाड्याने देणारे ओलोटला नेऊन सोडतात. चौघांसाठी आणि त्यातही बॅटरीची सायकल असेल तर आधीच कळवून ठेवा, ईस्टरच्या सुट्टीत सगळं भरलेलं असतं. तारखा ईस्टरनंतरच्या धरा.

दुसरं, जोराचा पाऊस झाला की तेर्रा आल्ता भागात दरड कोसळून एखादा तुकडा बंद ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी व्हॅनवाल्याला विचारा, त्याला नक्की माहीत असतं. मुक्काम बोत गावात किंवा नदीकाठी बेनिफालेटला. फोंतकाल्दाला पोचायला वाटेवरून थोडं खाली उतरावं लागतं आणि येताना तेवढंच वर चढावं लागतं. सायकली वर कुलूप लावून ठेवा आणि चालत जा.

खडीसाखर

आणि तो चढ सासूबाईंना कधी सांगायचा ते आधीच ठरलंय.

जास्वंदी

@खडीसाखर, त्या हा धागा पहिल्यापासून वाचताहेत. बॅटरीची सायकल नको म्हणून सांगितलंय त्यांनी, साधीच हवी. व्हॅनवाल्यांना आज मेल करते, तारखा ईस्टरनंतरच्या.